आला का रुपया? एका शिलाईवाल्या काकूचं मोबाईल बँकिंग

२०१८ ला एमबीएच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट केला होता, विषय काय तर ग्राहक ऑनलाइन बँकिंग का स्वीकारतात. प्रश्नावली छापली, प्रत्येक प्रश्नाला पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत असे पाच पर्याय, आणि फॉर्म काही पुरे होईनात म्हणून शेवटी घरातल्या आणि आळीतल्या लोकांकडून भरून घेतले. त्यात आमच्या काकूचा पण एक होता. मोबाईल बँकिंगमुळे वेळ वाचतो, पूर्णपणे सहमत. वापरायला सोपं आहे, सहमत. सुरक्षित वाटतं, सहमत. तेव्हा काकूकडे बटणाचा फोन होता आणि त्यात बॅलन्स बहुतेक वेळा नसायचाच. मी म्हणलं अगं हे काय भरलंयस, तर म्हणाली "आरं तुझं मार्क जाया नकोत म्हणून."

प्रोजेक्ट पास झाला, काळ्या बाइंडिंगमध्ये कपाटात पडलाय. पण त्या फॉर्मवर सगळीकडे सहमत असलेली हीच बाई खरोखर मोबाईलवरून पैसे पाठवायला लागली ती थेट २०२५ च्या सुरुवातीला, आणि जुलै २०२४ पासून तिथपर्यंतचं सगळं मी जवळून बघितलंय, निम्म्या वेळा तर मीच फोन धरून उभा होतो. प्रोजेक्टमध्ये जे निघालं नाही ते इथं निघालं, म्हणून लिहितोय.

काकूचं वय ५४, काका जाऊन सात वर्षं झाली, मुलगा चाकणला कंपनीत. घर कराडपासून वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, अर्ध्या पाऊण तासावर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, ब्लाउज, पिको-फॉल, लग्नसराईत रात्री अकरापर्यंत दिवा चालू. पैशाचे तिचे तीन कप्पे होते. एक म्हणजे तांदळाचा डबा. दुसरा तालुक्याच्या मोठ्या बँकेतलं खातं, जिथं काकांचा फंड जमा झालेला, पासबुक भरायला महिन्या-दोन महिन्यातून एकदा जायची. आणि तिसरा पतसंस्थेची पिग्मी, रोज दुपारी चारला अण्णा सायकलवर यायचे (आता स्कूटी आहे), पन्नास रुपये घ्यायचे, कार्डावर सही करायचे. मोबाईल बँकिंगची स्पर्धा बँकेच्या शाखेशी आहे असं आपण धरून चालतो, पण आमच्याकडं ती पिग्मीवाल्याशी आहे. अण्णा दारात येतात, वीस वर्षं तेच येतात, पैसे चुकले तर त्यांचं घर माहितीय. आता या सेवेपेक्षा ऍप सोपं आहे हे काकूला कुठल्या तोंडानं सांगायचं.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले. घोषणा २८ जूनच्या बजेटमध्ये झालेली आणि दोन आठवड्यात अंगणवाडीच्या दारात जत्रा. काकूनं मोठ्या बँकेचं पासबुक जोडून फॉर्म भरला, आणि त्याच गडबडीत मी तिच्या आधारला तिचा स्वतःचा मोबाईल नंबर लावून घेतला, आधार सेंटरला ५० रुपये देऊन. हे पन्नास रुपये पुढं किती कामाला येणार होते हे तेव्हा माहीत नव्हतं. १४ ऑगस्टपासून राखीपौर्णिमेच्या आधी पैसे पडायला लागले, दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये. आळीतल्या बायकांचे फोन टिंग टिंग वाजत होते आणि जिला आले ती दुसरीला दाखवत होती. काकूला काहीच नाही. पासबुक भरून आणलं, त्यात पण नाही. चार दिवस तिचं तोंड बघवत नव्हतं, तीन हजारापेक्षा सगळ्यांना आले आणि मला नाही याचंच जास्त.

मग आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग कुठं आहे, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलाय, ते बघितलं. ओटीपी तिच्या नंबरवर आला (पन्नास रुपये वसूल) आणि समोर भलत्याच बँकेचं नाव. काकू म्हणाली माझं तिथं खातंच न्हाई. ट्रंकेत रेशनकार्डाच्या खाली पासबुक सापडलं, २०१५ ला शाळेत कॅम्प लागला होता तेव्हा काढलेलं जनधन खातं, कोरं, एक पण नोंद नाही. बँकेला आधारचा झेरॉक्स दिला म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटतं पण सरकारचा पैसा आधारवरून जातो आणि तुमचा आधार शेवटचा ज्या बँकेत सीड झालाय तिथंच जाऊन पडतो, फॉर्मला कुठलं पासबुक जोडलंय हा विषयच नसतो.

शाखेत जाऊन पासबुक छापलं तर मशीन थांबेचना. लाडकी बहीणचे तीन हजार होतेच, पण त्याच्या आधी गॅसची सबसिडी, वर्षानुवर्षांची, जी काकूच्या मते "सरकारनं बंद केलेली", आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जनधनच्या महिला खात्यांना तीन महिने ५०० रुपये आलेले ते १,५०० पण तसेच. खातं झोपलेलं, म्हणजे वापरच नाही म्हणून केवायसी करा मग पैसे काढा. आणि हे इतकी वर्षं कळलं कसं नाही? तर खात्याला मोबाईल नंबर मुलाचा, तोही कॉलेजला असतानाचा, जो त्यानं जिओ आल्यावर बंद करून टाकलेला. सगळे मेसेज त्या मेलेल्या नंबरवर जात होते, किंवा तो नंबर आता ज्याच्याकडं असेल त्याला काकूच्या गॅसची खबर लागत होती.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची अडचण हीच होती आणि माझ्या प्रश्नावलीत ती कुठंच नव्हती. भीती, विश्वास, सोपेपणा हे सगळं नंतर. खात्याला नंबरच दुसऱ्याचा असेल तर ऍप सुरूच होत नाही, कारण यूपीआय सुरू करताना तुमच्या फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो आणि तो बँकेत नोंदलेल्या नंबरवरून गेला तरच पुढचा पडदा उघडतो. आमच्या आळीत विचारत फिरलो तर किती बायकांच्या खात्याला नवऱ्याचा नाहीतर पोराचा नंबर. या बायका उद्या कुठल्या सर्वेत "वापरत नाही" मध्ये मोजल्या जातील आणि कोणीतरी लिहील ग्रामीण महिलांमध्ये तंत्रज्ञानाविषयी उदासीनता. उदासीनता कसली, किल्लीच दुसऱ्याच्या खिशात.

नंबर बदलायला दोन खेपा. पहिल्या दिवशी सर्व्हर नाही, दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही जुन्या सहीशी जुळेना, काकू म्हणाली नऊ वर्षात सही पण म्हातारी व्हती की. शेवटी झालं.

आणि मग काकूनं मोबाईल बँकिंग सुरू केलं ते मिस्ड कॉलनं. बँकेचा एक नंबर असतो, त्यावर मिस्ड कॉल दिला की बॅलन्सचा मेसेज येतो. ऍप नको, पिन नको, आणि पैसे जायची भीतीच नाही कारण यातून पैसे जाऊच शकत नाहीत. पहिले काही दिवस ती रोज सकाळी चहाच्या आधी मिस्ड कॉल द्यायची. बॅलन्स तोच असायचा. "बघायचं आपलं, हाय का जाग्यावर." ज्या बाईचे पैसे तिच्या नकळत नऊ वर्षं पडून होते तिला पैसे पाठवायची सोय नको होती, तिला फक्त डोळ्यानं बघायचे होते.

इथं थोडं पुस्तकातलं, पटकन उरकतो. फ्रेड डेव्हिसचं १९८९ चं टॅम मॉडेल म्हणून आहे, त्याचं म्हणणं माणूस नवं तंत्रज्ञान घेतो ते उपयोगी वाटलं आणि सोपं वाटलं तर. २००३ मध्ये वेंकटेश वगैरे मंडळींनी त्याला वाढवून आजूबाजूच्या लोकांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी या दोन गोष्टी पण जोडल्या. चूक काही नाही त्यात. पण अभ्यास करणारे (मी पण) वापरता का, हो की नाही, असं एकदाच विचारतात. काकूच्या बाबतीत बघणं, घेणं आणि देणं हे तीन वेगवेगळे उंबरे होते आणि प्रत्येकाची कारणं वेगळी, आणि एक ओलांडला म्हणून दुसरा आपोआप ओलांडला असं झालं नाही.

घेण्याचा उंबरा गिऱ्हाइकांनी ओलांडायला लावला. कॉलेजच्या मुली, नव्या सुना, ब्लाउज घ्यायला आल्या की "काकू स्कॅनर हाय का?" क्यूआर कोडला आमच्याकडं सगळे स्कॅनरच म्हणतात. नाही म्हणलं की "मग नंतर देते", आणि ते नंतर म्हणजे वहीत. ती उधारीची वही मी बघितलीय, दोनशे, तीनशे, अस्तरासहित साडेतीनशे, पानंच्या पानं. आधी उपाय काढला की शेजारच्या किराणा दुकानात स्कॅन करायचं आणि दुकानदारानं संध्याकाळी रोख द्यायचे. महिनाभर चाललं. मग एकदा दुकानदार म्हणाला हे तीनशे तुमचे का माझ्या साखरेचे, काकू म्हणाली माझे, तो काही बोलला नाही पण ती तिथून तशीच उठून आली आणि मला फोन, "मला माझा स्कॅनर लावून दे."

नवरात्रात लावला. जनधनचं कार्ड कधीच एक्स्पायर झालेलं म्हणून आधार ओटीपीनं पिन काढला. पिन टाकताना ती मोठ्यानं आकडे बोलत होती आणि दारात दोन बायका उभ्या, परत बदलायला लावला. ऍपची भाषा मी हौसेनं मराठी करून दिली, तिनं दोन दिवसात परत इंग्रजी करून घेतली. मला आधी कळेना. तर कारण असं की अडलं की ती शेजारच्या पोरीला विचारणार, आणि ती पोरगी सांगणार "काकू ते खाली उजव्या बाजूचं दाबा" आणि वर बघून म्हणणार "पे लिहिलंय ना तेच", आता काकूच्या पडद्यावर लिहिलंय देयक. सोपं म्हणजे मातृभाषेत असं आपण समजतो, काकूला सोपं म्हणजे चारचौघींच्या फोनसारखं दिसणारं. आणि मराठी म्हणून जे देतात ते पण बऱ्याचदा कोणी बोलत नाही असलं मराठी असतं, हे जाता जाता.

मशीनच्या लाकडी झाकणावर मी शिलाईच्या खडूनं लिहून दिलं, पैसे यायला पिन लागत नाही. कारण वरच्या आळीतला एकजण असाच फसलेला, बक्षीस लागलंय घ्यायला पिन टाका असा फोन, अठरा हजार गेले. खडू पुसट झाला की काकू स्वतःच गिरवायची.

पण दिवाळीच्या दोन दिवस आधी गडबड झाली. एका गिऱ्हाइकाचे ८५० रुपये तिच्या खात्यातून कटले, तिच्या फोनवर पेंडिंग, काकूकडं मेसेज नाही. गल्लीतलीच बाई, तीन ब्लाउज घेऊन उभी. काकू तिला नाही पण म्हणू शकत नाही आणि हो पण. ब्लाउज दिले. रात्रभर झोप नाही. बँकेत फोन केला तर सांगितलं ज्यांचे कटले त्यांनी त्यांच्या बँकेत तक्रार करा, बस. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईचे पैसे आपोआप परत तिच्या खात्यात आले, तिनं लगेच रोख आणून दिले, तिची काहीच चूक नव्हती. याला नियम आहे, रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्येच ठरवून दिलंय की यूपीआयनं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवताना पैसे कटले आणि समोर पोचले नाहीत तर पुढच्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत (दुकानदाराच्या धंद्याच्या क्यूआरला पाच दिवस), आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे एक वाक्य त्या रात्री फोनवर कोणी काकूला सांगितलं असतं, की बाई उद्यापर्यंत थांबा, नाही पोचले तर परत जातात, तर ती झोपली असती. पण सांगितलं नाही, आणि काकूनं स्कॅनरचा पुठ्ठा भिंतीवरून काढून मशीनमागं ठेवला तो तुळशीचं लग्न होईपर्यंत. मोजणाऱ्यांच्या हिशोबात ती या काळात पण वापरकर्तीच असणार, ऍप फोनमध्ये होतं ना.

परत लावला तो वहीमुळंच. उधारी पुन्हा वाढायला लागली होती.

यावरून धसईची आठवण येते. मुरबाड तालुक्यातलं धसई, डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, मंत्री आले, दुकानादुकानात कार्डाची मशीनं दिली. नोटाबंदीला महिना पण झाला नव्हता, रोकडच नव्हती म्हणून लोक तयार पण होते. पुढं नोटा आल्या आणि व्यवहार परत बरेचसे रोखीवर गेल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा कार्डाच्या मशीनला दुकानदाराला चार्ज पडायचा, यूपीआय नुकतंच आलेलं, गावात रेंजची बोंब. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापला जाणारा हाच चार्ज, शून्य झाला, काकूला तीनशेचे तीनशे मिळतात, हा फरक लहान नाही, तीनशेतले तीन रुपये जरी कटले असते तरी तो पुठ्ठा परत भिंतीवर गेला नसता हे मी लिहून देतो. पण मला धसईत मुख्य वाटतं ते हे की सोय बाहेरून एका दिवसात आणून दिली, गरज होती ती नोटांच्या टंचाईची, ती संपली तशी सोयीची पण संपली.

आता देणं. हा उंबरा सगळ्यात उंच. घेताना फार तर पैसे येणार नाहीत, देताना हातातले जातील. मी तिला लाईट बिलापासून सुरू करू म्हणलं, महावितरण ऑनलाइन भरलं की पाव टक्का सूट देतं. बिल होतं ६४० रुपये. काकूनं मनात हिशोब केला, "म्हंजे एक रुपय साठ पैशासाठी मी एवढा जीव टांगणीला लावू?" विषय संपला. ऑफर, कॅशबॅक, स्क्रॅच कार्ड, यातल्या कशाचाच तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही, एकदा स्क्रॅच कार्डमध्ये कसलं तरी कुपन निघालं तर तिला वाटलं काहीतरी विकत घेतलं गेलं.

पाठवायला लावलं ते अस्तरानं. फेब्रुवारी, लग्नाचे ब्लाउज साचलेले, आणि मॅचिंग अस्तर आणायला कराडला जायचं म्हणजे वडापनं जाऊन येऊन अर्धा दिवस मोडतो, कधी वडाप भरेपर्यंतच पाऊण तास. कराडचा दुकानदार एकदा म्हणाला काकू, कापडाचा फोटो व्हॉट्सऍपला टाका, मी मॅच करून वडापवाल्याकडं पाठवतो, पैसे तेवढे फोनवर टाका. त्याच्याकडून ती पंधरा वर्षं माल घेतेय. म्हणजे माणूस ओळखीचा, चूक झाली तर कुठल्या दारात जाऊन बसायचं ते माहीत. मला वाटतं विश्वास विश्वास म्हणतात तो ऍपवर कधी नव्हताच, तो दोन्ही टोकांच्या माणसांवर होता, ऍप मधे आलं इतकंच.

पहिल्या वेळी मी समोर होतो. तिनं एक रुपया पाठवला. मग दुकानदाराला फोन लावला, "आला का रुपया?" तो म्हणाला आला. मग उरलेले ४७९. मग परत फोन, आले का. दुपारी तीनच्या वडापनं कॅरीबॅगमध्ये अस्तर आलं, ड्रायव्हरनं गाडी न थांबवता जवळजवळ फेकलंच, काकूनं ते ब्लाउजपीसवर धरून उजेडात बघितलं आणि म्हणाली रंग बरुबर हाय. तेवढंच. पैसे बरोबर गेल्याचं तिला त्या मेसेजनं पटलं नाही, रंग जुळल्यावर पटलं.

तेव्हापासून त्याला ती नियमित पाठवते, आणि आजही आधी एक रुपया. मी शंभरदा सांगितलंय की अगं नंबर सेव्ह आहे, नाव दिसतंय, आता कशाला, पण नाही. दुकानदारानं तर वहीत काकूच्या नावावर सुटे रुपये म्हणून वेगळा कॉलम केलाय, महिन्याअखेरीस वळते करतो. मला आधी हसू यायचं, आता वाटतं बाईनं स्वतःची सेफ्टी स्वतः शोधून काढलीय, आणि ऍप बनवणाऱ्यांनी चार पडदे इशारे देऊन जे होत नाही ते एका रुपयात होतं. मी तिच्या फोनमध्ये १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर पण टाकून दिलाय, आणि सांगितलंय की आपण ओटीपी-पिन दिलेला नसताना पैसे गेले तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवायचं म्हणजे आपल्यावर येत नाही, २०१७ पासून तसा नियम आहे, पण पिन आपणच दिला तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. तिनं ऐकून घेतलं. तो नंबर तिनं सेव्ह केलाय "चोर" या नावानं.

लाईट बिल अजून सेंटरवरच भरते, पावती पाहिजे म्हणते. मुलाला पैसे पाठवायची वेळ आली तर रोख, तो आला की. वरच्या आळीतल्या नणंदेला फोनवर पाठवत नाही, कारण मग नणंदेला वाटेल हिच्या खात्यावर बरेच पैसे दिसतायत. सीडिंग आम्ही मोठ्या बँकेत हलवू शकलो असतो, तिनं नको म्हणलं, काकांच्या फंडाच्या खात्याला फोन जोडायचाच नाही, ते पासबुकवालंच राहू दे.

आणि पिग्मी चालूच आहे. पतसंस्थेनं मध्यंतरी अण्णांना छोटं मशीन दिलं, पन्नास रुपये दिले की चिट्ठी निघते, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या गळ्यात क्यूआरचं कार्ड पण आलं. अण्णा दारात उभं राहून म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही पण शिकलाय, करा स्कॅन."

काकू म्हणाली, "अण्णा, फोनमधलं पोराला दिसतंय, सुनंला दिसतंय, ह्या पुतण्याला तर सगळंच दिसतंय. तुमचं तेवढं मला न् तुम्हाला." आणि सुया-बॉबिनच्या डब्याखालून पन्नासची नोट काढून दिली.